फावडं कोणाच्या हाती: खान्देशातल्या एका कॉलनीच्या भाजीबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शेत बिनशेती करून पाडलेली एक कॉलनी आहे. ले-आउटमधली ओपन स्पेस बरीच वर्षं तशीच पडून होती. सगळीकडे गाजरगवत, मधोमध एक मोठा निंब, कडेला दोन वेड्या बाभळी आणि कोपऱ्यात कॉलनीची बोअर. बायकांच्या भिशीत एकदा विषय निघाला आणि ११ घरांनी मिळून तिथे भाजीबाग करायचं ठरवलं. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे देत नाही. मी शेजारच्या कॉलनीत राहते, बागेत येऊन-जाऊन असते. बागेची वही चाळून आणि जवळपास सगळ्यांशी बोलून हे लिहिलं आहे.

या ११ घरांपैकी बहुतेकांचे आजे-पणजे कपाशी नाहीतर केळी पिकवणारे. पण मधल्या पिढीत नोकऱ्या आल्या, जमिनी वाटल्या गेल्या आणि आताच्या मंडळींनी खुरपं हातात धरलेलं नव्हतं. त्यात शाळेत क्लार्क असलेल्या एक ताई, रेल्वेतून निवृत्त झालेलं जोडपं, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, किराणा दुकानवाले भाऊ आणि बँकेत बदलीवर आलेलं एक तरुण कुटुंब होतं.

मदतीला तीन जाणकार होते आणि तिघंही फार मायाळू. रावेरकडे आयुष्यभर केळी केलेले आप्पा आता मुलाकडे राहायला आलेले. चोपड्याकडच्या आक्का माहेरी-सासरी दोन्हीकडे भाजीपाल्याची शेती पाहिलेल्या. आणि ठिबक बसवण्याचं काम करणारा एक तरुण, ज्याला सगळे दादा म्हणत. तिघांनी एक पैसा मागितला नाही. उलट बी, रोपं, शेण, सगळं आपल्या ओळखीतून आणून दिलं.

जमीन काळी, म्हणजे खान्देशाची नेहमीची. चिकणमातीचं प्रमाण भरपूर, ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात कॉलनीचे रस्ते करताना टाकलेला मुरूम आणि विटांचे तुकडे मिसळलेले. बोअरचं पाणी जड, बादलीच्या कडेला पांढरी रेघ सोडणारं.

अडचण

सुरुवात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास झाली. सुटीचे दिवस, सगळी घरी, उत्साह दांडगा. पण आखाजी म्हणजे खान्देशातला ऐन उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांवर जातो आणि दुपारी पश्चिमेकडून झळा सुटतात. अशा दिवसांत कोथिंबीर आणि पालक पेरला गेला. कोथिंबिरीचं बी ३५ अंशांच्या वर नीट उगवतच नाही. क्लार्क ताई रोज संध्याकाळी केसातल्या पिनेनं माती उकरून पाहायच्या की धणा फुटला का. या उन्हात तो फुटणं अवघडच होतं, त्यात अख्खा धणा पेरला होता. धणा हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या आणि रात्रभर भिजवून मग पेरायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

ट्रॉलीभर शेण आलं तेही ताजं. जून महिन्यात पाऊस पडला आणि सपाट वाफ्यांत पाणी साचलं. टोमॅटो-मिरचीची कोवळी रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडली. जी वाचली त्यांची मुळं पुढे हुमणीनं खाल्ली. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि वाळवीलाही ते आवडतं. शेतकऱ्याच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे ते आप्पांना ठाऊक होतं, पण शेण आलं त्या दिवशी आप्पा गावी गेले होते.

या गोष्टी कोणाच्याही पहिल्या वर्षी घडतात आणि त्यामुळे बाग बंद पडत नाही. माझ्या मते खरा पेच वेगळा होता. वाफ्यांची विचारपूस करायला गेलं की मालकापेक्षा जाणकारच जास्त बोलत. ताई शाळेत गेल्या की आप्पा त्यांच्या वाफ्यात जाऊन तण काढत, रोपं सरकवत, पाणी सोडत. “तू जा पोरी शाळेत, मी आहे ना,” असं म्हणत. दुपारी आक्का यायच्या आणि आप्पांनी भरलेलं पाणी पाहून वैतागायच्या. संध्याकाळी दादा येऊन सांगायचा की ठिबकच्या नळ्या टाकल्याशिवाय काही खरं नाही. मिरचीची पानं पिवळी पडली तेव्हा सिस्टरना एकाच दिवसात तीन उपाय मिळाले: युरिया टाका, पाणी तोडा, फवारा मारा. खालची जुनी पानं पिवळी आहेत की वरची कोवळी, हे कोणी त्यांना पाहायला लावलं नाही. जुनी पिवळी असतील तर नत्र कमी पडतं. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमी होतं.

पोळ्यापर्यंत चार घरांनी येणं सोडलं. भांडण झालं नाही, कोणी रागावलं नाही. फक्त यायचे थांबले. मला हे भांडणापेक्षा वाईट वाटतं, कारण भांडणात निदान कारण तरी कळतं.

तोंड फुटलं ते क्लार्क ताईंमुळे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता त्या म्हणाल्या, “माझ्या वाफ्यात काय लावलंय तेच मला माहीत नाही. मेलं तर का मेलं तेही माहीत नाही. मग त्यात माझं काय आहे?” आप्पा तिथेच बसले होते.

समोरचे पर्याय

दोन दिवसांनी निंबाखाली बैठक झाली. चार सूचना पुढे आल्या आणि चारही मनापासून होत्या.

आप्पांचं म्हणणं, वेगवेगळे वाफे मोडून एकच सलग बाग करावी. त्यांनी सांगायचं, बाकीच्यांनी करायचं, भाजी सारखी वाटायची. यात भाजी नक्की आली असती. पाणी, खत, वेळ सगळं वाचलं असतं. या सूचनेकडे बऱ्याच जणांचा कल होता आणि नुसती भाजीच हवी असती तर मीही याच बाजूनं बोलले असते.

किराणावाल्या भाऊंची सूचना, वर्गणी काढून माळी ठेवू. बँकेतल्या कुटुंबाची, जमीन सोडून गच्चीवर कुंड्यांत करू. प्रत्येकाचं आपापलं, कोणाची कटकट नाही. कुंडीचा मुद्दा आक्कांनी लगेच खोडला. खान्देशच्या उन्हात गच्चीवरची कुंडी दिवसातून दोनदा पाणी मागते आणि बोअरच्या जड पाण्यानं वर्षभरात मातीवर पांढरा थर धरते. नवख्या माणसानं इतक्या अवघड जागी सुरुवात का करावी?

चौथी सूचना सिस्टरची. त्यांच्या दवाखान्यात नव्या मुली येतात तेव्हा प्रत्येकीला एक अनुभवी सिस्टर लावून देतात. ती शेजारी उभी राहते, सांगते, पण इंजेक्शन नवीच मुलगी देते. इथेही तसंच करू या, त्या म्हणाल्या. वाफे छोटे, ज्याचे त्याचे. प्रत्येक घराला तिघांपैकी एकच जोडीदार. त्यानं सांगायचं, दाखवायचं, पण दुसऱ्याच्या वाफ्यात फावडं चालवायचं नाही.

आप्पांना हे लागलं. “म्हणजे रोप डोळ्यांदेखत मरतंय तरी मी बघत बसू?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ज्या माणसानं ५० वर्षं पीक वाचवण्यात घालवली, त्याला हात बांधून उभं राहायला सांगणं सोपं नाही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी रेल्वेवाले काका म्हणाले, “आप्पा, एखादं मरू द्या. पण ते का मेलं ते आम्हाला त्याच दिवशी दाखवा.”

चौथी सूचना ठरली. एक मुद्दा आप्पांचाही घेतला: रोपवाटिका आणि खताचा खड्डा सगळ्यांचा सामाईक, त्याची जबाबदारी जाणकारांकडे. माझ्या मते या तडजोडीमुळेच पुढचं सगळं टिकलं. जिथे चूक झाली तर सगळ्यांचं नुकसान होतं, ती कामं अनुभवी हातांत राहिली. जिथे चुकून शिकता येतं, ती नवख्यांकडे आली.

काय केलं

वाफे नव्यानं पाडले. ४ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांबी १० फूट. चिकणमातीत पाणी साचू नये म्हणून वीतभर उंच गादीवाफे केले. आत कुजलेलं शेणखत आणि बारीक केलेला केळीचा खांब घातला. खांब फुकट मिळतो, ओल धरतो आणि कुजताना पालाश देतो. रावेर-यावल पट्ट्याशी नातं असलेल्या कॉलनीला त्याची काय वाण! पश्चिमेच्या कडेला शेवरी लावली. केळीच्या बागेला वाऱ्याचा मार लागू नये म्हणून लावतात तशीच.

काय लावायचं यावर खरी खडाजंगी झाली. सगळ्यांना भरीताची वांगी हवी होती. साहजिक आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बामणोदच्या वांग्याचं नाव कॉलनीत रोज निघतं आणि हिवाळा आला की पार्टी भरीताचीच. पण वांगं हे नवख्याचं पीक नाही. रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिने फळाची वाट पाहायची आणि तोवर शेंडे व फळं पोखरणारी अळी मागे लागलेली. आक्कांचा आग्रह मेथी-पालक-मुळ्याचा. मेथी महिन्याभरात हातात येते, माणसाला धीर येतो. शेवटी प्रत्येक वाफ्याच्या टोकाला वांग्याची दोनच रोपं आणि बाकी वाफा पालेभाजीचा, असं ठरलं. हा निर्णय फार शहाणपणाचा होता. ज्याची ओढ आहे ते पीक पूर्ण तोडलं असतं तर लोक आले नसते, आणि नुसतं तेच लावलं असतं तर डिसेंबरपर्यंत थांबले नसते.

पाण्याचं शिकणं आक्कांमुळे झालं. त्या रोज एकच वाक्य म्हणत: “बोट घालीसन देख. ओलं शे ना? मंग पानी देवानं नई.” काळी माती वरून वाळलेली दिसते आणि दोन पेरं खाली ओलीच असते. मग मूठभर माती घेऊन दाबायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. लाडू तसाच राहिला तर अजून ओल जास्त, फुटून मोकळा झाला तर वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल. वाफशाशिवाय कुदळ लावायची नाही, पेरायचं नाही. सिस्टर आता माती पायानं दाबूनच सांगतात.

गिलक्याच्या वेलाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवा नियम तिथे पहिल्यांदा कसाला लागला. रेल्वेवाल्या काका-काकूंचा पावसाळ्यातला वेल निंबाच्या कडेनं चढला, पिवळ्याधमक फुलांनी भरला आणि फुलं रोज सकाळी खाली सडा. काकू वेल उपटायला निघाल्या. आक्कांना उत्तर माहीत होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंना वेलाखाली उभं केलं आणि एकेका फुलाच्या मागे पाहायला सांगितलं. बहुतेक फुलांच्या मागे नुसता देठ. बऱ्याच शोधानंतर एका फुलाच्या मागे करंगळीएवढं हिरवं गिलकं सापडलं. नर फुलं आधी येतात, भरपूर येतात आणि गळतात; मादी फुलं मागून येतात. काकूंनी स्वतः नर फूल तोडून मादी फुलाला लावलं. मग त्यांनीच विचारलं की शेजारच्या दोडक्याची फुलं मिटलेली का? दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, गिलक्याची पहाटे. त्या दिवसापासून त्या दोन्ही वेळा बागेत फिरकू लागल्या. आक्कांनी पहिल्याच दिवशी “थांबा, नर फुलं आहेत” एवढं सांगितलं असतं तर वेल वाचला असता. दोडक्याचा प्रश्न मात्र काकूंच्या मनात आला नसता.

दुसरा अवघड प्रसंग भेंडीचा. पोळ्याच्या सुमाराला पेरलेल्या भेंडीवर केवडा आला. शिरा पिवळ्या, मग पान पिवळं, मग फळही पांढुरकं. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. आप्पा म्हणाले, औषध मारा, अजून हातात आहे. सिस्टर आणि बँकवाल्यांचा विरोध, कारण त्या वाफ्यांमध्ये पोरं खेळतात आणि शेजारी मेथी कापणीला आलेली. आप्पांचं म्हणणं शेतकऱ्याच्या हिशोबानं बरोबर होतं. शेतात एकराचं नुकसान असतं, इथे दोन ओळींचं होतं. रोगट झाडं उपटून टाकायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि उरलेल्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क मारायचा ठरलं. म्हणजे १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून, गाळून. निंबोळ्या जून-जुलैत त्याच झाडाखालून वेचून ठेवल्या होत्या. तरी भेंडी जवळजवळ गेलीच. केवडा आलेलं झाड बरं होत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

वांग्याच्या बाबतीत आप्पांनी जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. क्लार्क ताईंच्या वांग्याचा एक शेंडा मान टाकून उभा होता. ताईंना वाटलं पाणी कमी. आप्पांनी ब्लेड त्यांच्या हातात दिलं, शेंडा वीतभर खालून कापायला लावला आणि उभा चिरायला सांगितला. आत पोकळ बोगदा, विष्ठेचा चुरा आणि फिकट गुलाबी अळी. ताईंच्या अंगावर शहारा आला, पण त्यांनी तो शेंडा स्वतः पिशवीत बांधून नष्ट केला. त्यानंतर एक दिवसाआड त्या मान टाकलेले शेंडे शोधायच्या आणि दुसऱ्यांच्या वाफ्यांकडे बोट दाखवून सांगायच्या, “तुमचाही बघा.” हात मात्र लावायच्या नाहीत.

निष्पत्ती

सोडून गेलेल्या चारपैकी एक घर दिवाळीनंतर परत आलं, बाकीची आली नाहीत. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा भरपूर झाला. कोथिंबीरही उगवली, या वेळी रगडून आणि भिजवून. जानेवारीच्या थंडीत वांग्यांनी वाढ थांबवली आणि फळं कमी आली. भरीत पार्टीला निम्म्याहून जास्त वांगी बाजारातून आणावी लागली. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची आणि लसूण घालून मुसळीनं ठेचली, वरून कांद्याची पात आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. घरचं वांगं कोणतं आणि विकतचं कोणतं हे ताटात कोणालाच ओळखता आलं नाही, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही.

आप्पा मात्र मध्यंतरी काही आठवडे आलेच नव्हते. बैठकीतलं ते त्यांना खोलवर लागलं होतं. त्यांची समजूत काढायला तिघं-चौघं गेले, ते परत आलेही. पण ते आले ते ताई स्वतः मिरचीची चुरडामुरडा झालेली पानं घेऊन त्यांच्या घरी विचारायला गेल्यावर. समजूत घालण्यापेक्षा प्रश्न घेऊन जाणं त्यांना जास्त भावलं.

उन्हाळ्यात बाग चालू ठेवायची की नाही यावरही निर्णय झाला. दोन वाफे शेडनेटखाली ठेवले, बाकीचे खणून मोठी ढेकळं उन्हात तापू दिली. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्याच कारणानं: हुमणीच्या अळ्या आणि कोष उघडे पडतात, पक्षी वेचतात, तण मरतं.

वेगळं काय करता आलं असतं

आखाजीला उत्साह असतो, हंगाम नसतो. उन्हाळ्यात फक्त जागा साफ करून, खताचा खड्डा भरून, पावसाळ्यात गिलके-दोडके-वालासारखे वेल लावून पालेभाजीची पेरणी दसऱ्यानंतर केली असती, तर पोळ्यापर्यंत चार घरं गळाली नसती असं मला ठामपणे वाटतं. खान्देशात नवख्यानं सुरुवात करायची ती ऑक्टोबरची तलखी ओसरल्यावर.

माती तपासली गेली नाही. मामुराबादचं किंवा पालचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. सामू (पीएच) आणि चुनखडीचं प्रमाण आधी कळलं असतं तर पिवळ्या पानांवर तीन-तीन मतं ऐकावी लागली नसती.

जोडीदाराचा नियम पहिल्याच दिवशी हवा होता. आणि तो जाणकारांना बसवून, त्यांच्या तोंडून ठरवायला हवा होता. भर बैठकीत, एका नाराज वाक्यानंतर ठरल्यामुळे आप्पांना तो आपल्याविरुद्ध वाटला. नियम तोच, वेळ चुकीची.

वहीबद्दलही सांगायला हवं. निंबाला पिशवीत अडकवलेल्या त्या वहीत मेथीच्या किती जुड्या निघाल्या ते बारकाईनं लिहिलं आहे. टोमॅटोची रोपं कोणत्या आठवड्यात, किती पावसानंतर कोलमडली, ते कुठेच नाही. पुढच्या जूनला नेमकं तेच पान लागणार आहे. सिस्टरनी आता वहीत मेलेल्या झाडांसाठी वेगळा रकाना आखला आहे: तारीख, पानं कशी होती, माती ओली की कोरडी, काय वाटलं आणि जोडीदारानं काय दाखवलं.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. ओपन स्पेस कागदोपत्री सगळ्या प्लॉटधारकांची आहे आणि बागेत नसलेल्या घरांची रीतसर संमती घेतलेली नाही. बोअरचं लाइटबिल सगळे भरतात, पाणी मात्र आठ वाफ्यांना जातं. एप्रिलमध्ये बोअर खाली गेली की हा विषय निघणारच. त्याआधी वार्षिक सभेत तो स्वतःहून मांडायचा, पाण्याचा वेगळा मीटर बसवायचा आणि नवं घर आलं तर त्याला वाफा व जोडीदार द्यायचा, असा प्रस्ताव क्लार्क ताई लिहून तयार करत आहेत. नव्या घरांच्या जोडीदारांच्या यादीत तिघा जाणकारांखाली चौथं नाव त्यांचं आहे. ते आप्पांनी सुचवलं.